बाकाचा इतिहास : रायपूरच्या निमित्ताने

दोन वर्षांपूर्वी रायपूरला भाच्याच्या नव्या घरी गेलो असता दारातून आत शिरताच भिंतीलगत ठेवलेले एक ठेंगणे लाकडी बाक दृष्टीस पडले. सागाच्या सारख्या रुंदीच्या लांब पट्ट्या, दोन पट्ट्यांमध्ये बोटभर फट, आणि खाली काळ्या रंगाच्या चौकटीचे पाय. पाठ नाही, हात नाहीत, कोरीव काम तर नाहीच. भाच्याने ते शहरातल्याच एका सुताराकडून छायाचित्र दाखवून करवून घेतले होते. ‘‘मामा, मूळ कल्पना जॉर्ज नेल्सनची, १९४६ सालची,’’ असे तो सांगत होता आणि मी कौतुकाने ऐकत होतो. तेवढ्यात माझी आत्या आतून काठी टेकीत आली. तिचे वय नव्वदीच्या पुढे. तिने बाकाकडे एकवार पाहिले आणि मला म्हणाली, ‘‘अरे, हे तर ठेसनावरचं बाकडं! घरात कशाला आणलंय यानं?’’

भाच्याला हे विधान अडाणीपणाचे वाटले असावे. मला मात्र त्यात इतिहासाचा एक मोठा तुकडा दडलेला आहे असे वाटू लागले. भाचा म्हणत होता तेही खरे होते आणि आत्या म्हणत होती तेही खरे होते. न्यूयॉर्कच्या एका वास्तुकाराने आधुनिकतेची खूण म्हणून मांडलेली वस्तू आणि रायपूरच्या फलाटावर तिसऱ्या वर्गाच्या उतारूसाठी ठेवलेली वस्तू आकाराने जवळजवळ सारख्याच असाव्यात, आणि तरीही एकीला बैठकीत मान मिळावा, दुसरी बाहेरच राहावी, हे कसे घडले? या प्रश्नाचा शोध घेताना कलेच्या इतिहासापेक्षा बसण्याचा इतिहास अधिक उपयोगी पडतो.

आरंभ शब्दापासून करणे इष्ट. मराठीत ‘बाक’ हे दोन शब्द आहेत, एक नव्हे. कमरेतला बाक, भुवईचा बाक हा संस्कृत ‘वक्र’शी नाते सांगणारा पुल्लिंगी शब्द, बसावयाचे ‘बाक’ मात्र नपुंसकलिंगी, आणि ते पोर्तुगीज ‘बांको’वरून आले असे मानतात. पाव, पगार, चावी, बटाटा यांच्याच जहाजातून ते किनाऱ्यावर उतरले असावे. म्हणजे जी वस्तू सरळ रेषेचे मूर्त रूप, तिला आपण वाकडेपणाचे नाव दिले; भाषेच्या अशा थट्टा पुष्कळ असतात. त्याला ‘डे’ हा प्रत्यय लागून ‘बाकडे’ झाले आणि त्या प्रत्ययाने आपले काम केले: वस्तूची योग्यता एक पायरी खाली आणली. इंग्रजीत न्यायाधीश बसतो ते आणि पक्षकार बाहेर तिष्ठत बसतो ते, दोन्हींसाठी एकच शब्द चालतो. मराठीने ती समता पत्करली नाही. न्यायाधीशांसाठी आपण संस्कृतातून ‘पीठ’ आणले, ‘खंडपीठ’ घडविले; आणि व्हरांड्यात तारखेची वाट पाहणाऱ्याच्या वाट्याला बाकडे ठेवले. विधिमंडळातील ‘विरोधी बाके’ हा प्रयोग काय तो अपवाद, आणि तेथेही बाके वाजविली जातात ती बहुधा रागाने किंवा संमतीच्या गलबल्यात. शाळेत तर बाकाचा सर्वांत स्मरणीय उपयोग बसण्याचा नसून उभे राहण्याचा होता, हे माझ्या पिढीला सांगावयास नको.

बाक येण्यापूर्वी आपण बसत होतोच. पण कसे बसत होतो? मराठी घरातील बसण्याची साधने पाहिली तर प्रत्येकामागे एक दर्जा उभा दिसतो. गादी व तक्क्या यजमानाचा आणि थोरांचा, पाट जेवणाराचा, त्यातही चांदीच्या फुलांचा पाट जावयाचा, सतरंजी आल्यागेल्यांची, घोंगडी गड्याची, आणि ज्याला ओटीवर चढण्याची मुभा नाही त्याची अंगणातली जमीन. छत्तीसगढच्या घरात ओसरीला परछी म्हणतात आणि तेथे खाट असते. पण खाटेवर कोणी बसावे, उशाकडे कोण, पायथ्याशी कोण, आणि कोणी खाली उकिडवे बसावे, याचे नियम तेथेही तितकेच पक्के. ‘गादी’ हा शब्द तर राज्याचाच पर्याय होऊन बसला. नागपूरकर भोसल्यांची गादी म्हणजे त्यांचे सिंहासन नव्हे; अंथरलेली, भरलेली, खरोखरीची गादीच.

त्या गादीची एक शाखा छत्तीसगढात रतनपूरला होती. १७४१ मध्ये भास्करपंतांच्या स्वारीने हा प्रदेश भोसल्यांच्या प्रभावाखाली आला, आणि १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले यांनी रतनपूरहून कारभार पाहिला. या प्रदेशातील जुन्या मराठी घरांचे मूळ बहुतांशी त्या काळात शोधावे लागते. १८१८ नंतर इंग्रजांच्या देखरेखीत कॅप्टन अॅग्न्यू यांनी ठाणे रतनपूरहून रायपूरला हलविले. १८३० मध्ये कारभार पुन्हा तिसऱ्या रघूजींकडे आला आणि १८५४ मध्ये, त्यांच्या निपुत्रिक मृत्यूनंतर, संपूर्ण राज्यच खालसा झाले. गादी गेली, तिच्या जागी कचेरी आली. कचेरीत साहेबाला खुर्ची होती, कारकुनाला कालांतराने खुर्ची मिळाली, आणि लोकांसाठी, म्हणजे ज्यांना बोलाविले जाईपर्यंत थांबावयाचे असते त्यांच्यासाठी, आले बाकडे. बाकाचा आणि वाट पाहण्याचा हा संबंध येथपासून जडला तो कधीच सुटला नाही.

पण रायपूरच्या सामान्य माणसाने बाक खऱ्या अर्थाने ओळखले ते रेल्वेमुळे. नागपूर-छत्तीसगढ रेल्वेचा अरुंद मार्ग १८८० नंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांत राजनांदगावपर्यंत आला. १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, तिने तो विकत घेऊन रुंद केला आणि पूर्वेकडे वाढविला. त्या दशकाच्या अखेरीस रायपूर रुळांवर आले. १९०० मध्ये रायपूरहून धमतरीकडे आणि राजिमकडे छोटी गाडीही धावू लागली. हा काळ छत्तीसगढातील भीषण दुष्काळांचा. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन्ही दुष्काळांत गावे ओस पडली. रायपूरच्या फलाटावरील पहिल्या पिढीचे बसणारे कोण होते याची कल्पना यावरून करता येईल. ते प्रवासी कमी आणि देशोधडीला लागलेले अधिक होते.

येथे क्षणभर त्या बाकाच्या घडणीकडे वळावयास हवे, कारण पट्ट्यांचे बाक ही काही सहज सुचलेली लहर नाही. लाकूड जिवंत नसले तरी स्वस्थ नसते. हवेतला ओलावा पिऊन ते फुगते, उन्हात आकसते. आणि हे फुगणे-आकसणे लांबीत नगण्य, रुंदीत मात्र चांगलेच जाणवते. दीड हात रुंदीची एकसंध फळी घेतली तर पावसाळ्यात ती पोट काढते, उन्हाळ्यात चिरते. रायपूरचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांना टेकणारा आणि पावसाळा बाराशे मिलिमीटरच्या घरातला. अशा हवेत रुंद फळीचे हाल काय होत असतील ते वेगळे सांगावयास नको. तीच रुंदी दोनदोन बोटांच्या पट्ट्यांत वाटून दिली की प्रत्येक पट्टी आपल्यापुरती फुगते, शेजारची फट तिला सामावून घेते आणि बाक आहे तसे राहते. पाणी फटींतून निथळते, धूळ खाली पडते, बसणाराच्या पाठीमागून वारा खेळतो. एक पट्टी तुटली तर तेवढीच बदलता येते. मोठ्या ओंडक्यातून उरलेले अरुंद लाकूडही कामी येते, हा कंपनीच्या दृष्टीने कदाचित सर्वांत मोठा गुण. छत्तीसगढची जंगले सालाची आणि सागाची. साल जड व चिवट, म्हणून तो रुळांखाली गेला. साग हवेला सर्वांत कमी वश होणारा, म्हणून तो दारे-खिडक्यांत आणि बैठकीच्या सामानात गेला. एकाच प्रदेशातील दोन वृक्षांनी रेल्वेच्या खाली आणि वर अशी कामे वाटून घेतली.

परंतु पट्ट्यांच्या बाकाचा सर्वांत महत्त्वाचा गुण सुतारकामातला नाही. त्यावर एकाची जागा आणि दुसऱ्याची जागा यांच्यामध्ये रेघ नसते. गादी एकाची, पाट एकाचा, खुर्ची एकाची. बाकावर मात्र तीन माणसे बसतात किंवा पाच. आणि सहावा आला तर ‘‘जरा सरका’’ म्हणतो. छत्तीसगढीत त्यालाच ‘घुँच’ म्हणतात. खुर्चीवर बसलेल्या माणसाला सरका म्हणता येत नाही, उठा म्हणावे लागते. सरकणे हे क्रियापद सार्वजनिक शिष्टाचारात आले ते बाकाच्या पाठोपाठ, असे म्हणावयास मला हरकत वाटत नाही. मुंबईच्या लोकलमधील ‘चौथी सीट’ हा या व्याकरणाचा सर्वांत प्रगल्भ आविष्कार आहे: तिघांच्या बाकावर चौथा टेकतो, अर्धा अधांतरी राहतो, आणि तरीही तो बसलेलाच असतो. ‘टेकणे’ हाही बाकाचाच शब्द.

आता ज्या समाजात कोणाच्या शेजारी कोणी बसावे यावर धर्म, जात आणि पंगत उभी होती, त्या समाजात अशी बिनरेघेची बैठक फलाटाच्या मध्यावर आणून ठेवणे ही केवढी उलथापालथ असेल! इंग्रजांना ती अभिप्रेत होती असे समजण्याचे कारण नाही. त्यांनी वर्ग पाडले ते पैशांवरून: पहिल्या वर्गाच्या विश्रामगृहात वेताच्या आरामखुर्च्या, तिसऱ्या वर्गाला पट्ट्या. जातीची रेघ त्यांनी पुसली नाही. त्यांनी फक्त ती आखून दिली नाही. ती आखण्याचे काम बसणाऱ्यांनी स्वतः केले, आणि बहुतेक वेळा चोख केले.

याची साक्ष रायपूरपासून दूर, पण मराठी मुलखातच, साताऱ्याजवळच्या मसूर स्थानकावर सापडते. १९०१ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर, तेव्हा दहा वर्षांचे, भावंडांसह वडिलांना भेटावयास निघाले आणि मसूरला उतरले. न्यावयास कोणी आले नव्हते. सगळे उतारू गेले, फलाटावर ही नीटनेटक्या कपड्यांतील मुलेच उरली. स्थानकप्रमुखाने ममतेने चौकशी केली. मुलांनी आपली जात सांगितली. त्याचा चेहरा पालटला आणि तो आपल्या खोलीत निघून गेला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मपर लेखनात बाबासाहेबांनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे. त्याच लेखनात शाळेतल्या गोणपाटाचाही उल्लेख आहे: वर्गाच्या कोपऱ्यात एकट्याने ज्यावर बसावयाचे आणि संध्याकाळी जे घरी न्यावयाचे, कारण शाळेचा गडी त्याला शिवणार नव्हता. गोणपाट हे बाकाच्या नेमके उलट टोक होय. ते केवळ एकाचे, आणि त्याच्यासोबत चालणारे. बसणाराची रेघ तो स्वतः वाहून नेतो. प्रवासाच्या परवान्याची वाट पाहण्याचे रूपक त्या लेखनाच्या शीर्षकात आले, यात मला योगायोग वाटत नाही. वाट पाहणे सर्वांच्या वाट्याला येते. कोठे बसून पाहावयाची हे मात्र सर्वांना सारखे नसते.

छत्तीसगढातही हा प्रश्न पेटलेलाच होता. राजिमचे पं. सुंदरलाल शर्मा यांनी १९२० च्या दशकात अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठी झुंज दिली. नोव्हेंबर १९३३ मध्ये गांधीजींचा हरिजन दौरा दुर्ग-रायपूर भागातून गेला. मंदिराच्या दाराचा इतिहास लिहिला गेला आहे. बाकाचा लिहिला गेला नाही, कारण तेथे सत्याग्रह झाला नाही. तेथे फक्त रोज, प्रत्येक गाडीच्या वेळी, कोणीतरी थोडे सरकले किंवा सरकले नाही. १९५० च्या राज्यघटनेतील पंधराव्या अनुच्छेदाने दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, घाट, रस्ते आणि सार्वजनिक वावराची ठिकाणे सर्वांना खुली केली. त्या यादीत बाकाचे नाव नाही, पण ‘सार्वजनिक वावराची ठिकाणे’ या शब्दांत फलाटही येतो आणि त्यावरचे बाकही येते.

रायपुरात बाकाला स्थानकाहून अधिक प्रतिष्ठित असे दुसरे घर मिळाले ते वाचनालयात. येथे माधवराव सप्रे यांचे स्मरण अपरिहार्य आहे. १८७१ मध्ये दमोह जिल्ह्यातील पथरियात जन्मलेल्या, बिलासपूर-रायपूरला शिकलेल्या या मराठी भाषिक माणसाने १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. ते छापले जाई रायपूरला. पुढे ‘दासबोध’ आणि लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ त्यांनीच हिंदीत आणले. १९२६ मध्ये रायपुरातच त्यांचे निधन झाले. मासिक तीन वर्षेच चालले, पण एक अंक अनेकांनी वाचावा ही त्या काळातील वाचनाची रीत होती. १९०८ मध्ये शहरात आनंद समाज वाचनालय स्थापन झाले. वाचनालयातील बाकाची गंमत अशी की तेथे शेजाऱ्याचे वर्तमानपत्र तिरक्या नजरेने वाचता येते आणि तो उठला की ते आपल्याकडे ओढता येते. रायपूरच्या मराठी वस्तीत, तात्यापाऱ्याच्या परिसरात, वाढलेल्या माझ्यासारख्या मुलाला मराठी गद्य आणि हिंदी गद्य ही दोन्ही अशा पट्ट्यांवर बसूनच भेटली. मांडीच्या मागच्या बाजूस त्या पट्ट्यांचे वळ उठत. मराठी समीक्षेतील माझ्या काही मतांवर त्या वळांचा परिणाम झाला असावा, असे एक सहकारी चेष्टेने म्हणत.

आता या बाकाच्या दुसऱ्या, भाच्याने सांगितलेल्या वंशावळीकडे वळू. पहिल्या महायुद्धानंतर युरोपातील काही तरुण कलावंतांना फर्निचरवरील फुले, पाने, सिंहाचे पंजे आणि मखमल यांचा उबग आला. वस्तूने आपली घडण लपवू नये, उघडी दाखवावी. पट्टी पट्टीसारखी दिसावी, सांधा सांध्यासारखा, असे त्यांचे म्हणणे होते. जर्मनीतील वायमार येथील बाउहाउस या कलाशाळेत मार्सेल ब्रॉयर याने १९२२ च्या सुमारास निव्वळ पट्ट्यांची एक खुर्ची केली. त्यानंतरच्या काळात फिनलंडच्या आल्व्हार आल्तो याने पट्ट्यांची बाके केली, आणि १९४६ मध्ये जॉर्ज नेल्सन याच्या रेखाटनावरून अमेरिकेतील हर्मन मिलर कंपनीने ते बाक बाजारात आणले ज्याची प्रतिकृती भाच्याच्या दारात आहे.

नेल्सनचा व्यवसाय मुळात वास्तुकाराचा आणि लेखकाचा. घरातील सामानाविषयी तो आधी लिहीत असे, मग करू लागला. त्याच्या बाकाविषयी एक गोष्ट सांगितली जाते. ते त्याने स्वतःच्या कार्यालयासाठी केले, आणि मुद्दाम फारसे सुखाचे केले नाही, म्हणजे भेटीस येणारी माणसे फार वेळ बसणार नाहीत. गोष्ट खरी असो वा नसो, ती टिकून राहिली हे अर्थपूर्ण आहे. आपल्या कचेरीतील साहेबालाही ती पटली असती. बाकाची उंची अवघी चौदा इंच, म्हणजे खुर्चीहून तीनचार इंच कमी. लांबी चार, पाच, सहा फूट. त्यावर बसावे, दिवा ठेवावा, पुस्तके ठेवावीत, कपाटाचे खण ठेवावेत, असा बहुविध उपयोग त्यास अभिप्रेत होता. ही उंची आणि हे अनेकपण यांकडे पाहताना भारतीय वाचकास चौरंग आठवल्यावाचून राहणार नाही. जमिनीशी जवळीक, हलकेपणा, आणि एकाच वस्तूने वेळेनुसार आसन किंवा मेज होणे, हे आमच्या घरांत नवे नव्हते. नवे होते ते निराळेच. वस्तू कोणाच्या मानासाठी आहे हे तिच्याकडे पाहून कळू नये, या आग्रहाला त्या मंडळींनी सौंदर्याचे तत्त्व बनविले. १९६७ च्या सुमारास ते बाक कारखान्यातून बंद झाले आणि १९९४ मध्ये पुन्हा सुरू झाले.

भारतात ही दृष्टी दोन वाटांनी आली. पहिली पुदुच्चेरीची. तेथील गोलकोंड या वसतिगृहाचे काम अँटोनिन रेमंड या वास्तुकाराने हाती घेतले आणि त्यासाठी १९३७ मध्ये जॉर्ज नाकाशिमा हा जपानी वंशाचा अमेरिकन तरुण आला. सागाच्या पट्ट्यांची सरकती दारे आणि साधे लाकडी सामान त्या इमारतीत आजही पाहावयास मिळते. हवा खेळती ठेवण्यासाठी पट्ट्या आणि फटी, हाच रायपूरच्या फलाटाचा न्याय, पण येथे तो डोळसपणे स्वीकारलेला. दुसरी वाट सरकारी. १९५८ मध्ये चार्ल्स व रे ईम्स या दांपत्याने भारत सरकारला अहवाल दिला, १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने निवडलेल्या वस्तूंचे प्रदर्शन दिल्लीत भरून पुढे इतर शहरांत फिरले, आणि १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. ईम्स यांच्या अहवालातील लोट्याचे विवेचन प्रसिद्ध आहे. लोट्यावर त्यांनी लिहिले, बाकड्यावर लिहिले नाही, याची मला एक वाचक म्हणून रुखरुख आहे; लोटा शतकांनी घडविलेला, म्हणून सुंदर ठरला, आणि बाकडे कंपनीने घडविलेले, म्हणून नजरेआड झाले असेल.

चंदीगढची कथा याहून बोलकी. तेथे पिएर जानेरे याच्या हाताखाली सरकारी कार्यालये, विद्यापीठ, ग्रंथालये यांसाठी सागाच्या खुर्च्या, मेजे, बाके झाली. कारकुनांनी आणि विद्यार्थ्यांनी ती पन्नास वर्षे वापरली, मोडली तेव्हा गच्चीवर टाकली, आणि भंगाराच्या लिलावात विकली. ती परदेशी व्यापाऱ्यांनी घेतली आणि युरोप-अमेरिकेतील लिलावांत त्यांना प्रचंड किंमत आली. २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने विक्रीवर निर्बंध घातले, तोवर पुष्कळ गेले होते.

या साऱ्या कालखंडात तिसऱ्या वर्गाचा उतारू कोठे होता? तो पट्ट्यांवरच होता. १९१७ मध्ये गांधीजींनी तिसऱ्या वर्गाच्या प्रवासाविषयी एक पुस्तिका लिहिली, पण पट्ट्या पट्ट्याच राहिल्या. १९७४ मध्ये तिसरा वर्ग नावापुरता संपला. डब्यांवरचा आकडा बदलला, बसण्याचे लाकूड तेच राहिले. ते बदलले एका मराठी माणसाने. १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झालेले प्रा. मधु दंडवते यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंचांची फोमची गादी घालण्याचा निर्णय घेतला, आणि २६ डिसेंबर १९७७ रोजी हावडा व मुंबई यांच्या दरम्यान गीतांजली एक्सप्रेस ही वर्गविहीन गाडी सुरू केली. ती रायपूरवरूनच जाते. ‘गादी’ हा शब्द असा दोन शतकांची फेरी मारून परत आला. रतनपूर-नागपुरात तो सत्तेचा पर्याय होता. आता तो हावड्याहून मुंबईला निघालेल्या कोणाही तिकीटधारकाच्या पाठीखालची वस्तू झाला. आधुनिक भारताच्या इतिहासातील मोठ्या घोषणांच्या यादीत हे दोन इंच येत नाहीत. मला ते यावेत असे वाटते.

आणि येथेच भाच्याच्या व आत्याच्या विधानांमधील खरा तिढा लक्षात येतो. ज्या वर्षांत पश्चिमेकडील रसिक घरात मखमलीऐवजी उघड्या पट्ट्या याव्यात म्हणून झटत होते, त्याच वर्षांत येथील माणसे पट्ट्यांवर गादी यावी म्हणून वाट पाहत होती. उघड्या लाकडाचे सौंदर्य त्यालाच दिसते ज्याने त्यावर बसून छत्तीस तासांचा प्रवास केलेला नाही. हा आधुनिकतावादावरचा आरोप नव्हे. नेल्सनच्या बाकावर कोणी तीन रात्री काढाव्या अशी त्याची अपेक्षाही नव्हती. पण सौंदर्यविचार मांडताना बसणाराचे शरीर आणि त्याचा इतिहास वगळला तर आपण अर्धीच वस्तू पाहतो, एवढे म्हटलेच पाहिजे. आत्याला ते बाक कुरूप वाटले नव्हते. तिला ते ओळखीचे वाटले, आणि त्या ओळखीत थकवा होता.

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य झाले, रायपूर राजधानी झाले, आणि शहराचे सामान झपाट्याने बदलू लागले. देशभरातील फलाटांवर लाकडी बाकांच्या जागी भोके पाडलेल्या पोलादी पत्र्याची आसने आली. ती धुण्यास सोपी, टिकण्यास बळकट, हे मान्य. पण त्यांपैकी पुष्कळ आसनांवर दोन जागांच्या मध्ये पोलादी हात असतो. जी रेघ पट्ट्यांच्या बाकावर नव्हती ती आता वितळवून, जोडून, कायमची बसविलेली आहे. सरकणे संपले. आडवे होणेही संपले. धानाची कापणी उरकली की छत्तीसगढातून वीटभट्ट्यांकडे आणि दूरच्या शहरांकडे जाणारी कुटुंबे रात्रीच्या गाडीसाठी फलाटावर येतात. मूल मांडीवर, गाठोडे शेजारी. त्यांना एकेकाची जागा देणारे आसन उपयोगाचे नाही, म्हणून ती जमिनीवर बसतात, आणि पोलादी खुर्च्या त्यांच्या डोक्याच्या उंचीवर रिकाम्या राहतात. हे दृश्य मी गेल्या काही वर्षांत अनेकदा पाहिले आहे. बाकाच्या दोन शतकांच्या प्रवासानंतर माणूस पुन्हा जमिनीवर आलेला पाहणे सुखाचे नाही.

काही वर्षांपूर्वी विदर्भातील एका जुन्या वाचनालयात व्याख्यानासाठी गेलो असता मागील अंगणात सागाची दहाबारा बाके एकावर एक रचलेली दिसली. पट्ट्या मधोमध झिजून खोलगट झाल्या होत्या. कडेच्या पट्टीवर पेनच्या टोकाने कोरलेली नावे होती. वाचनकक्षात प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या होत्या, आणि बाके वजनावर विकावयाची होती. मी हरकत घेतली. ग्रंथपालांनी शांतपणे सांगितले की खुर्च्या मोजता येतात, बाकांवर किती माणसे बसली ते मोजता येत नाही आणि अनुदानाच्या तक्त्यात आसनसंख्या भरावी लागते. या युक्तिवादाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. एक बाक विकत घ्यावे असे मनात आले, पण ते घेऊन जाणार कसे, आणि माझ्या सदनिकेत ठेवणार कोठे? परत निघालो.

त्या बाकांचे पुढे काय झाले ते विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. जुन्या सागाला मागणी असते, तेव्हा एखाद्या सुताराने पट्ट्या रंधून घेतल्या असतील, आणि त्यातून कोणाच्या तरी दारात नेल्सनचे बाक उभे राहिलेही असेल.

भाच्याच्या घरी यंदा पुन्हा जाणे झाले. ते बाक जागच्या जागी आहे. त्यावर बहुधा कोणी बसत नाही. वर्तमानपत्रे, किल्ल्या, शिरस्त्राण आणि एक कुंडी असे त्यावर असते. आत्या मात्र बाहेर निघताना चपला घालण्यासाठी तेथे टेकते, आणि टेकण्यापूर्वी, समोर कोणी नसतानाही, एका टोकाला सरकून घेते.